पिट वॉलला शिव्या घालायच्या आधी

२०२५ चा फॉर्म्युला वन सीझन अबू धाबीत संपला तेव्हा मॅक्लारेनचा नॉरिस ४२३ पॉइंट, रेड बुलचा वर्स्टॅपेन ४२१, मॅक्लारेनचाच पियास्त्री ४१०. चोवीस शर्यती झाल्या आणि फरक दोन पॉइंटांचा. तेव्हापासून जिथे हा विषय निघतो तिथे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात, एक म्हणजे "नॉरिसला काय, गाडीच फास्ट होती" आणि दुसरं म्हणजे "कतारला मॅक्लारेनच्या स्ट्रॅटेजीवाल्यांनी माती खाल्ली नसती तर आधीच संपलं असतं". म्हणजे जिंकला तर गाडीमुळे आणि हरता हरता वाचला तर पिट वॉलमुळे, म्हणजे ट्रॅकच्या कडेला बसून पिट स्टॉप आणि टायरचे निर्णय घेणाऱ्यांमुळे, पण त्या माणसांनी वर्षभर काय ठरवलं, कधी ठरवलं आणि कशाच्या बदल्यात ठरवलं याचा हिशोब कोणीच मांडत नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण माझ्या मते टायटल फाइट म्हणजे मुळात तोच हिशोब आहे. रविवारी टीव्हीवर जे दिसतं ते त्याचं शेवटचं पान.

मी स्वतः ही चूक कितीतरी वर्षं केलीये. २०१० ची अबू धाबी आठवा. शेवटची शर्यत, फेरारीचा अलोन्सो २४६, रेड बुलचे वेबर २३८ आणि वेटेल २३१. वेटेल जिंकला तरी अलोन्सोला चौथा नंबर पुरेसा होता. वेबर अकराव्या लॅपला टायर बदलायला पिटमध्ये आला, फेरारीला वाटलं आपला धोका हाच, नव्या टायरवर वेळ काढून हा अलोन्सोच्या पुढे निघेल, म्हणून पंधराव्या लॅपला अलोन्सोला आत बोलावलं. वेबर मागे राहिला खरा, पण अलोन्सो बाहेर पडला तो रेनोच्या पेट्रोव्हच्या मागे आणि पेट्रोव्हने पहिल्याच लॅपला सेफ्टी कार, म्हणजे अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवणारी गाडी, आली तेव्हाच आपला स्टॉप उरकून घेतला होता, तो काही परत आत जाणार नव्हता. मागची विंग उघडून पुढे जायला मदत करणारं डीआरएस तेव्हा नव्हतंच, ते २०११ ला आलं. जवळजवळ चाळीस लॅप अलोन्सो त्या पिवळ्या गाडीच्या मागे अडकून राहिला, सातवा आला, वेटेल शर्यत जिंकला आणि टायटल २५६ विरुद्ध २५२ ने घेऊन गेला. त्या सबंध सीझनमध्ये वेटेल पॉइंट्समध्ये पहिल्या नंबरवर एकदाही नव्हता, पहिल्यांदा आला तो डायरेक्ट चॅम्पियन होऊनच. मी त्या दिवशी फेरारीच्या पिट वॉलवर प्रचंड चिडलो होतो आणि पुढे जानेवारीत त्यांनी ट्रॅकवरच्या इंजिनिअरांचा प्रमुख क्रिस डायरला त्या जागेवरून हटवलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

आज मागे वळून बघताना मला दुसराच आकडा दिसतो. त्या वर्षी १९ शर्यतींपैकी १५ पोल, म्हणजे सुटतानाची पहिली जागा, रेड बुलचे होते. पंधरा! वेटेल बहारीनला पुढे असताना स्पार्क प्लगने दगा दिला, ऑस्ट्रेलियाला पुढे असताना गाडी वाळूत गेली, कोरियाला पुढे असताना इंजिन फुटलं, इस्तंबूलला तर पहिल्या दुसऱ्या नंबरवर असलेले वेटेल आणि वेबर एकमेकांवरच आदळले. फेरारी अबू धाबीला आघाडी घेऊन पोचली त्यात अलोन्सोची कमाल होतीच पण रेड बुलने सांडलेले पॉइंट्सही होते, आणि शेवटच्या दिवशी त्या संथ गाडीला एकाच वेळी दोन वेगवान गाड्या अडवायच्या होत्या. एकीला अडवलं की दुसरी सुटणार. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. गाडी तीन दशांश सेकंदाने वेगवान असती तर वेबर कधी पिटमध्ये गेला याकडे बघायचीही गरज पडली नसती. डायरचा निर्णय चुकला हे मी आजही म्हणतो, पण तो निर्णय घ्यायची वेळ का आली याचं उत्तर मारानेल्लोच्या, म्हणजे फेरारीच्या फॅक्टरीतल्या, विंड टनेलमध्ये (जिथे वारा सोडून गाडीचा आकार तपासतात) होतं, अबू धाबीच्या पिट वॉलवर नव्हतं.

एकदा हे डोक्यात बसलं की स्ट्रॅटेजीकडे बघण्याची नजरच बदलते. पिट स्टॉपला बहुतेक ट्रॅकवर साधारण वीस ते पंचवीस सेकंद जातात. सेफ्टी कार असेल तर बाकीचे सगळे हळू चालल्यामुळे तोच स्टॉप जवळपास निम्म्या किमतीत पडतो. नवा टायर लगेच वेग देतो म्हणून समोरच्याच्या आधी आत जाऊन त्याला गाठता येतं, त्याला अंडरकट म्हणतात, पण लवकर टायर बदलला तर शेवटी तोच टायर जुना होतो आणि बाहेर पडताना ट्रॅफिकमध्ये सापडलात तर सगळंच मुसळ केरात. आता यात गाडी कुठे येते? सगळीकडे. टायर जपणारी गाडी असेल तर स्टॉप कधी घ्यायचा याला आठ-दहा लॅपची मोकळीक मिळते, टायर खाणारी असेल तर दोन लॅपची. सरळ रस्त्यावर वेग असेल तर ट्रॅफिकची भीती नाही, नसेल तर बाहेर पडायला मोकळी जागा मिळेपर्यंत थांबायचं आणि तोवर टायर संपायचा. म्हणजे स्ट्रॅटेजीवाल्याच्या समोर किती दारं उघडी आहेत हे गाडी ठरवते आणि त्यातलं कुठलं निवडायचं एवढंच त्याच्या हातात. दार एकच उघडं असेल तर तिथे हुशारी कसली दाखवणार.

१९९८ च्या हंगेरीचं उदाहरण सगळे देतात आणि द्यायलाच हवं. मॅक्लारेन वेगवान होती, पुढे जायला जागा नव्हती, फेरारीच्या रॉस ब्रॉनने शर्यत चालू असताना शूमाकरला तीन स्टॉपवर वळवलं आणि १९ लॅपमध्ये २५ सेकंद कमवायला सांगितलं, शूमाकरने ते कमावले आणि शर्यत जिंकली. ती शर्यत मी अजूनही आवडीने बघतो. पण त्या वर्षीचं टायटल मॅक्लारेनच्या हॅकिनेनचं, १०० विरुद्ध ८६. अशी एक शर्यत डोक्याने चोरता येते, पण सोळा शर्यतींचा सीझन मॅक्लारेनच्या वेगवान गाडीनेच नेला.

याउलट २०२२ ची फेरारी. तीन शर्यतींनंतर त्यांचा लेक्लेर वर्स्टॅपेनच्या ४६ पॉइंट पुढे होता आणि शेवटी १४६ ने मागे राहिला, ४५४ विरुद्ध ३०८. लोकांना काय आठवतं तर मोनॅको, सिल्व्हरस्टोन आणि हंगेरी. मोनॅकोला पोलवरून सुटून टायरच्या घोळात चौथा, सिल्व्हरस्टोनला सेफ्टी कारमध्ये आत न बोलावल्यामुळे पुन्हा चौथा, हंगेरीला थंड हवेत हार्ड टायर लावून सहावा. या तीन चुका खऱ्या आहेत आणि मी त्यांची बाजू घेणार नाही. पण बार्सिलोना आणि बाकूला पुढे असताना गाडीच बंद पडली, पॉल रिकारला पुढे असताना लेक्लेर स्वतः भिंतीत गेला, आणि तिकडे रेड बुलची गाडी सुरुवातीला किमान वजनापेक्षा जड होती ती ते महिनोन्महिने हलकी करत गेले. स्पाला वर्स्टॅपेन इंजिनच्या पेनल्टीमुळे चौदावा सुटला आणि जिंकला, तेही आरामात. आता मला सांगा, चौदाव्या जागेवरून येऊन जिंकणाऱ्या गाडीसमोर कुठला स्ट्रॅटेजीवाला काय करणार होता? तिन्ही चुका पुसून टाका, लेक्लेरला त्या तिन्ही शर्यती जिंकून द्या, तरी १४६ चा खड्डा भरत नाही. पण फेरारीची स्ट्रॅटेजी हा जगभर थट्टेचा विषय झाला आणि मिल्टन कीन्समध्ये, रेड बुलच्या फॅक्टरीत, ज्या लोकांनी ग्रॅम ग्रॅम करून ती गाडी हलकी केली त्यांचं नाव कोणाला माहीत नाही.

मला वाटतं याचं कारण साधं आहे. स्ट्रॅटेजीची चूक दिसते, रेडिओवर ऐकू येते, तिला एक लॅप नंबर असतो. डेव्हलपमेंटची चूक दिसत नाही. एखादा नवा फ्लोअर, म्हणजे गाडीचा तळ, विंड टनेलमध्ये छान आकडे देतो आणि ट्रॅकवर देत नाही, मग पुढचे दोन महिने हे शोधण्यात जातात की टनेल खोटं बोलतोय की ट्रॅक. फेरारीला २०१८ मध्ये याच गोष्टीने मारलं. सीझनच्या शेवटच्या टप्प्यात आणलेले अपग्रेड उलटे पडले, ऑस्टिनला जुने भाग परत लावले तेव्हा गाडी पुन्हा पळायला लागली आणि रायकोनेन तिथे जिंकला सुद्धा. पण तोवर मर्सिडीजचा हॅमिल्टन खूप पुढे निघून गेला होता. त्या वर्षाबद्दल विचारलं तर लोक हॉकनहाइमला वेटेल (तो तेव्हा फेरारीत होता) पावसात पुढे असताना बाहेर गेला तेच सांगतात. तो क्षण मोठा होता यात वाद नाही, पण नंतरचे ते आठवडे ज्यात गाडी मागे मागे गेली ते कोणाच्या हायलाइट्समध्ये येत नाहीत.

आणि आता डेव्हलपमेंटचा प्रश्न पूर्वीपेक्षा कितीतरी अवघड झालाय. २०२१ पासून खर्चाला मर्यादा आली, पहिल्या वर्षी १४.५ कोटी डॉलर, मग १४, मग १३.५ आणि वर महागाईचा हिशोब. त्यात विंड टनेलचा वेळ उतरत्या क्रमाने वाटतात, पहिल्या नंबरच्या टीमला ठरलेल्या वेळेच्या ७० टक्के, दुसऱ्याला ७५ असं करत दहाव्याला ११५. दर सहा महिन्यांनी क्रमवारी बघून हे परत ठरतं. म्हणजे जिंकणाऱ्याला कमी प्रयोग करायला मिळतात आणि पैसेही वाट्टेल तसे ओतता येत नाहीत, त्यामुळे प्रत्येक अपग्रेड म्हणजे दुसरं काहीतरी सोडून देणं. पूर्वी मोठ्या टीम्स चार प्रयोग करून तीन फेकून द्यायच्या, आता पहिल्या फटक्यात बरोबर यावं लागतं. मॅक्लारेनने २०२४ ला मायामीत जे पॅकेज आणलं ते असं पहिल्या फटक्यात बसलं, नॉरिस तिथेच आयुष्यातली पहिली शर्यत जिंकला आणि वर्षअखेर टीमने १९९८ नंतर पहिल्यांदा कन्स्ट्रक्टर्सचं, म्हणजे टीम्सचं, विजेतेपद घेतलं. दुसरीकडे वर्स्टॅपेनने पहिल्या दहापैकी सात शर्यती जिंकल्या आणि मग स्पेननंतर थेट ब्राझीलपर्यंत एकही नाही. ड्रायव्हर तोच, पिट वॉलही तोच. गाडी एका वाटेवर गेली आणि मॅक्लारेन दुसऱ्या वाटेने पुढे निघून गेली. वर्स्टॅपेनचं टायटल वाचलं कारण सुरुवातीची कमाई मोठी होती आणि ब्राझीलच्या पावसात तो सतराव्या जागेवरून येऊन जिंकला.

पण माझ्या दृष्टीने या सगळ्यातला सगळ्यात मोठा, सगळ्यात जीवघेणा निर्णय वेगळाच आहे आणि तो म्हणजे या वर्षीच्या गाडीवर काम कधी थांबवायचं. खरी स्ट्रॅटेजी ही. पिट स्टॉप फार तर एखाद्या शर्यतीचं भविष्य ठरवतो, हा निर्णय दोन वर्षांचं ठरवतो. २००८ ला मॅक्लारेन आणि फेरारी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत भांडले, अक्षरशः शेवटच्या कोपऱ्यापर्यंत, मॅक्लारेनच्या हॅमिल्टनने इंटरलागोसला ग्लॉकला गाठलं आणि ९८ विरुद्ध ९७ ने फेरारीच्या मासाच्या तोंडचा घास गेला. पण २००९ ला नियम बदलणार होते आणि होंडाने २००८ ची गाडी कधीच सोडून देऊन नव्या गाडीवर माणसं लावली होती. होंडा कंपनीच डिसेंबरमध्ये बाहेर पडली, रॉस ब्रॉनने टीम घेतली आणि त्याच गाडीत, डबल डिफ्यूझर (गाडीला रस्त्याला चिकटवणारा मागचा भाग) लावलेल्या त्या पांढऱ्या गाडीत, बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या. फेरारीला पहिल्या तीन शर्यतींत एक पॉइंट नाही, हॅमिल्टन सिल्व्हरस्टोनला सोळावा. गंमत म्हणजे ब्रॉनकडे नंतर गाडी सुधारायला पैसाच नव्हता, रेड बुल दर शर्यतीला जवळ येत गेली, बटन त्या सहा विजयांनंतर वर्षभरात पुन्हा जिंकला नाही आणि तरी टायटल ९५ विरुद्ध ८४ ने त्याचंच. एका वर्षाचे पॉइंट सोडून दिल्याचं फळ पुढच्या वर्षी मार्च ते जून या चार महिन्यांत मिळालं आणि बाकीचं वर्ष त्या पुंजीवर काढलं.

यावरून कोणी म्हणेल की लवकर थांबणं हेच शहाणपण. तर तसंही नाही. २०२१ ला मर्सिडीजने सिल्व्हरस्टोननंतर मोठं अपग्रेड आणलंच नाही, २०२२ च्या नव्या नियमांकडे वळले. रेड बुल मात्र आणत राहिली. हॅमिल्टन आणि वर्स्टॅपेन शेवटच्या शर्यतीला बरोब्बर समान ३६९.५ पॉइंटांवर आले आणि शेवटच्या लॅपला टायटल वर्स्टॅपेन घेऊन गेला, त्या लॅपवर मी इथे वाद घालणार नाही कारण तो शर्यतीच्या संचालकाच्या निर्णयाचा विषय आहे. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे, की मर्सिडीजने अजून एक पॅकेज आणलं असतं तर समान पॉइंटांची वेळ आली असती का? आणि ज्याच्यासाठी ते थांबले त्या २०२२ च्या गाडीचं काय झालं तर ती सरळ रस्त्यावर उड्या मारत होती, वर्षभरात एकच शर्यत जिंकली, तीही रसेलने ब्राझीलला. उलट शेवटपर्यंत झुंजलेली रेड बुल पुढच्या वर्षीही चॅम्पियन. म्हणजे मर्सिडीजचं तेलही गेलं आणि तूपही गेलं. म्हणून मी म्हणतो की या निर्णयाला कुठलाही ठोकताळा नाही, आपल्या लोकांना नवी गाडी कितपत कळलीये याचा प्रामाणिक अंदाज हवा आणि तो प्रत्येक वेळी वेगळाच येतो.

२०२५ ला हीच गोष्ट पुन्हा झाली. २०२६ चे नियम पूर्ण नवीन, त्या गाडीच्या एरोडायनॅमिक्सवर १ जानेवारी २०२५ च्या आधी काम करायलाच बंदी होती, त्यामुळे सगळ्यांसमोर एकच वर्ष आणि दोन गाड्या. मॅक्लारेन इतकी पुढे होती की त्यांनी चालू गाडीवरचं काम लवकर आटोपलं. झांडवूर्टनंतर वर्स्टॅपेन तेव्हा पहिल्या नंबरवर असलेल्या पियास्त्रीच्या १०४ पॉइंट मागे होता, त्या आकड्याकडे बघून कोण म्हणणार होतं की काम चालू ठेवा? मी तरी म्हटलं नसतं. पण रेड बुलने ठेवलं. मोंझाला नवा फ्लोअर आला, सिंगापूरला नवी फ्रंट विंग आली, आणि उरलेल्या नऊपैकी सहा शर्यती वर्स्टॅपेनने जिंकल्या. उरलेल्या तीनमध्येही तो पोडियमवर, त्यातल्या ब्राझीलला तर पिट लेनमधून सुटून तिसरा. शेवटी दोन पॉइंट कमी पडले. मॅक्लारेनचा थांबण्याचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही कारण टायटल त्यांनाच मिळालं, ड्रायव्हरचं आणि टीमचं दोन्ही मिळाली. पण १०४ चा गॅप दोनवर कसा आला याचं उत्तर देताना फक्त कतारचं नाव घेणं म्हणजे रेड बुलच्या त्या चार महिन्यांच्या कामाचा अपमान आहे.

बरं आता कतार. लोसेलला टायरच्या सुरक्षेसाठी नियम होता की एका सेटवर २५ पेक्षा जास्त लॅप नाहीत आणि शर्यत ५७ लॅपची. सातव्या लॅपला हुल्केनबर्ग आणि गास्ली आदळले, सेफ्टी कार आली. ५७ मधून ७ गेले की ५०, म्हणजे बरोब्बर दोन सेट. स्वस्तात स्टॉप मिळतोय, पुढचं गणितही सुटतंय, जवळपास सगळं ग्रिड आत गेलं आणि मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या बाहेर राहिल्या. पोलवरून सुटलेला पियास्त्री दुसरा, नॉरिस चौथा, वर्स्टॅपेन जिंकला, नॉरिसची आघाडी २५ वरून १२ वर. टीमने चूक मान्य केली आणि चूक होतीच, आणि इथे वेगवान गाडी असून चूक झाली म्हणून माझ्याच म्हणण्याला हा अपवाद आहे असं कोणी म्हणेल. मी उलट म्हणतो की यातून दुसरी एक गोष्ट दिसते. ज्या टीमकडे जपायला खूप काही असतं तिचे हात जड होतात. वर्षभर दोन्ही ड्रायव्हरना समान वागणूक द्यायची हे मॅक्लारेनने ठरवलं होतं आणि त्याबद्दल मला आदर आहे, पण त्या तत्त्वाचं ओझं असं की प्रत्येक निर्णयाला "दुसऱ्यावर अन्याय होतोय का" हा अजून एक प्रश्न चिकटतो आणि सेफ्टी कारमध्ये विचार करायला काही सेकंदच असतात. त्याच्या आधीच्या लास व्हेगसला दोन्ही गाड्या तळाची फळी झिजून ९ मिलिमीटरपेक्षा पातळ झाली म्हणून बाद झाल्या होत्या, नॉरिसचे दुसऱ्या नंबरचे १८ पॉइंट गेले होते. त्या आठवड्यात तिथे बसलेल्या माणसांच्या डोक्यात काय चाललं असेल याची मला कल्पना करवते.

आणि हे मॅक्लारेनच्या बाबतीत पहिल्यांदा झालं नाही. २००७, शांघाय. मॅक्लारेनचा हॅमिल्टन फेरारीच्या रायकोनेनच्या १७ पॉइंट पुढे, दोन शर्यती बाकी, विजयाला तेव्हा १० पॉइंट. टायर कॅनव्हासपर्यंत झिजला तरी त्याला बाहेर ठेवलं आणि शेवटी पिटच्या तोंडाशी वळताना तो वाळूत रुतला. रॉन डेनिसनी नंतर सांगितलं की त्यांची शर्यत रायकोनेनशी नव्हतीच, अलोन्सोशी होती, म्हणजे स्वतःच्याच दुसऱ्या ड्रायव्हरशी. टायटल रायकोनेनला, ११०, १०९, १०९. अठरा वर्षांनी तीच टीम, तसेच दोन तुल्यबळ ड्रायव्हर, तसाच मागून येणारा तिसरा. तेव्हा एका पॉइंटने गेलं, आता दोनने राहिलं.

स्ट्रॅटेजीचं खरं तेज मला दिसतं ते गाड्या सारख्या असतात तेव्हा, आणि एकाच टीममध्ये तर त्या असतातच. २०२५ च्या हंगेरीला नॉरिस पहिल्या लॅपला पाचवर घसरला, त्याच्याकडे गमवायला काही नव्हतं म्हणून एकच स्टॉप करायचं ठरवलं, दोन स्टॉपवाल्या पियास्त्रीने शेवटी नव्या टायरवर त्याला गाठलं पण पुढे जाता आलं नाही, एका सेकंदापेक्षाही कमी फरक. दोन ड्रायव्हरमध्ये सात पॉइंटांचा फेर पडला आणि त्याचं श्रेय टायर जपणाऱ्या हातांना आणि ते सुचवणाऱ्या डोक्याला बरोबरीने. मग मोंझा, जिथे नॉरिसचा स्टॉप रखडला, पियास्त्री पुढे गेला आणि टीमने त्याला जागा परत द्यायला सांगितली. तेव्हा किती लोक चिडले होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरात तीन पॉइंटांचा फरक असतो. नॉरिसच्या ४२३ मधून ते तीन काढा, ४२० उरतात, आणि वर्स्टॅपेनचे ४२१. मला माहितीये की एक गोष्ट बदलली की पुढचं सगळंच बदलतं, हा कागदावरचा हिशोब आहे, पण ज्या रेडिओ मेसेजला लोकांनी खेळाचा अपमान म्हटलं त्याचं वजन बघा.

मग "गाडीच जिंकली" याचं काय? मला हे वाक्य शिवीसारखं वापरलं जातं त्याचा राग येतो. गाडी आकाशातून पडत नाही. फॅक्टरीत शेकडो माणसं रात्री जागून ती बनवतात, त्यांना ड्रायव्हर सांगतो की तिसऱ्या कोपऱ्यात पुढची चाकं धरत नाहीत आणि त्या एका वाक्यावरून कोणीतरी विंगचा आकार बदलतं. मॅक्लारेन २०२३ च्या सुरुवातीला ग्रिडच्या मागच्या बाजूला होती, तिथून दोन वर्षांच्या आत चॅम्पियन टीम झाली, ते काय नशीब होतं? फॉर्म्युला वन हा पहिल्यापासून गाडी बनवायचाही खेळ आहे, सगळ्यांना एकसारखी गाडी देऊन फक्त ड्रायव्हर तपासायचे असतील तर त्यासाठी दुसऱ्या स्पर्धा आहेत आणि त्या छान आहेत. ज्याला हे आवडतं त्याने ते बघावं. पण इथे येऊन गाडीचा विजय खोटा म्हणायचा हे मला मान्य नाही. २०२२ पासून टीम्सना प्रत्येक शर्यतीआधी गाडीत काय बदललं ते खेळाचे नियम ठरवणाऱ्या एफआयएला लिहून द्यावं लागतं आणि तो कागद शुक्रवारी सगळ्यांसाठी जाहीर होतो. फ्लोअरची कड कुठे कापली, ब्रेक डक्ट का वळवला, सगळं त्यात असतं. मी ते वाचायला लागलो तेव्हापासून मला शर्यती दुप्पट कळायला लागल्या.

यातूनच नियमांबद्दल माझं मत तयार झालंय. खर्चाची मर्यादा आणि विंड टनेलचा उतरता वाटा यांच्या बाजूने मी ठाम आहे. लोक म्हणतात यशस्वी टीमला शिक्षा कशाला, पण रेड बुलने २०२१ ची मर्यादा ओलांडली म्हणून ७० लाख डॉलर दंड आणि टनेलच्या वेळेत १० टक्के कपात झाली तरी २०२३ ला त्यांनी २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या, म्हणजे चांगलं डोकं असेल तर कमी वेळातही भागतं. हे नियम कोणी काय बनवायचं ते सांगत नाहीत, किती साधनांत बनवायचं तेवढंच सांगतात. मर्यादा नसती तर २०२५ ला मॅक्लारेनने दोन्ही गाड्या एकदम विकसित केल्या असत्या, रेड बुलनेही केल्या असत्या आणि थांबायचं की नाही हा प्रश्नच कोणाला पडला नसता.

माझा विरोध आहे तो शर्यतीच्या आत शिरून निर्णय लादण्याला. कतारचा २५ लॅपचा नियम सुरक्षेसाठी होता, टायर फुटू नयेत म्हणून, त्याला माझी काही हरकत नाही. पण मोनॅकोला २०२५ मध्ये शर्यत रंगतदार व्हावी म्हणून सगळ्यांना किमान दोन स्टॉप सक्तीचे केले. झालं काय तर रेसिंग बुल्सने लॉसनला मुद्दाम हळू चालवलं आणि मागच्या सगळ्यांना रोखून हॅजारसाठी स्टॉपपुरती जागा करून दिली, मग विल्यम्सने सेंझ आणि अल्बनला आळीपाळीने तेच करायला लावलं. जगातले सर्वात वेगवान ड्रायव्हर सेकंद सेकंद मुद्दाम हळू चालत होते आणि त्यांचाही दोष नव्हता, नियमात तेच शहाणपणाचं होतं. तिथे पुढे जायला जागा नाही ही अडचण गाड्यांच्या रुंदीची आणि रस्त्याची आहे, ती स्टॉप वाढवून कशी सुटणार? दोन स्टॉप प्रत्येकाला करायचेच होते म्हटल्यावर एक स्टॉप वाचवून कोणी धाडस करू शकत नव्हतं, टायर जपून नेणाऱ्या गाडीचा फायदा संपला, फॅक्टरीने वर्षभर त्यासाठी केलेलं काम त्या दिवशी वाया गेलं आणि हंगेरीला नॉरिसने जे केलं ते मोनॅकोला कोणी करूनच दाखवू शकत नव्हतं.